डाव्या हाताची कात्री

४ ऑगस्ट

वहिनी,

ऑफिसच्या पत्त्यावर आलेली तुझी चिठ्ठी मिळाली. "माझी कात्री पाठवा." ना मायना, ना खाली नाव. अक्षर डावीकडे कललेलं दिसलं म्हणून बरं, नाहीतर कुणा शिंप्यानं चुकीच्या पत्त्यावर टाकली असं समजून मी ती केराच्या टोपलीत टाकली असती. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. सांभाळून घे.

कात्री शोधली. शिवणाच्या खणात नाही, पलंगाखालच्या पेटीत नाही, माळ्यावरही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या वहिनीची ती उलटी कात्री घेऊन मी काय करू? साधा दोरा कापत नाही माझ्या हातात." दादाला विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं. त्यानं जेवणाच्या ताटावरून मान वर केली नाही. त्या दिवशी त्यानं पायरीवरून फेकलेलं तुझं मशिन भंगारवाल्याकडे गेलं, त्याच्याबरोबर कात्रीही गेली असावी असं मला वाटतं.

ती कात्री काय होती ते मला सांगू नकोस. डावखुऱ्या लेकीसाठी तुझ्या वडिलांनी लोहारापुढे बसून घडवून घेतलेली. बाजारात तशी मिळत नाही, आणि सरळ कात्री धरली की तुझ्या अंगठ्याला फोड येतात. कारखान्यात दिवसभर एकच शिवण मारायची आणि संध्याकाळी बाहेरची कामं घेऊन वेगळी खोली करायची, असा तुझा बेत तुझ्या मैत्रिणीकडून कळला. खोली झाली की लेकीला नेणार, हेही कळलं.

भिंगरी ठीक आहे. शाळेत जाते. तुझी वाट बघते वगैरे मी लिहिणार नाही, तुला त्रास होईल.

आणि एक. जाताना तू म्हणालीस की माझ्यामुळे तुला पोरीला मागे ठेवावं लागलं. वर्षाच्या मध्ये शाळा सोडली तर हजेरी तुटते, हजेरी तुटली की मुलांसाठीच्या आमच्या योजनेतून नाव जातं, हे मी तुला सांगितलं. नियम सांगणं हे माझं काम आहे. दिवसभर मी तेच करते. विचारणाऱ्याला नियम सांगितला की दोष सांगणाऱ्याचा, हे कुठलं शास्त्र?

तुझी,
वन्सं (तूच चिडवायला ठेवलेलं नाव आहे, मी काय करू)


२६ ऑगस्ट

वहिनी,

मी दोन पानं लिहिली आणि तुझं उत्तर आलं, "ती जेवते का?"

जेवते. म्हणजे बसते ताटावर. दूध घेते, अर्धा पेला. आई तिच्यामागे घास घेऊन फिरते आणि ती तोंडात घास धरून बसते, गिळतच नाही. पूर्वी घरभर गरगर फिरायची म्हणून आपण तिला भिंगरी म्हणायचो. आता खिडकीच्या कठड्यावर बसून असते.

इकडे कामानं नाकी नऊ आले आहेत. मशिनवर बसून तू माझे फोन ऐकायचीस आणि हसायचीस, आठवतं? अजून तेच चालू आहे. एखाद्या केंद्रावरची नर्स विचारते, "ताई, पोराचं वजन चौदा टाकलं तर एकशे चाळीस दिसतंय." मग मी म्हणते, "आधी यंत्र बंद करून चालू करा." माझ्या शेजारच्या टेबलावर नवा मुलगा आला आहे, तो हे वाक्य इतक्या वेळा म्हणतो की आम्ही त्याचं नाव पोपट ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आमचंच काम. मूल शाळेत आलं, लस घेतली, महिन्याला वजन करून घेतलं की आईच्या खात्यात पैसे. आईच्याच. बापाच्या नाही. हा नियम मला आजही आवडतो. तुझ्या खात्यात येतात ते तू आपल्या आईच्या, तुझ्या सासूच्या नावे जसेच्या तसे परत पाठवतेस, हेही मला माहीत आहे. आई ते बोलत नाही, पण कपाटात वेगळे ठेवते.

आता जे लिहायचं नव्हतं ते. दादानं अर्ज केला आहे, आईच्या जागी पालक म्हणून बापाचं नाव लावा असा. आपल्या भागाचे असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. आमच्या यंत्रणेत आईचं नाव काढायला कारण निवडावं लागतं. मृत्यू, दुसरं लग्न, तुरुंगवास, मूल सोडून गेली. बस, एवढीच. "घरात राहू दिलं नाही" असं कारण नाही. दादानं शेवटचं निवडलं. मी त्याला म्हटलं, "तुला पैशांची काय पडली आहे?" तर म्हणाला, "पैसे गेले खड्ड्यात. कागदावर पोरीचं कोण आहे तेवढं ठरू दे." मी अर्ज पुढे सरकवलेला नाही. "तपासणी चालू" असं लिहून ठेवलं आहे.

एकदा काढलेलं नाव परत लागत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

आणि तिचं वजन सलग दोन महिने घटलंय. तिसऱ्यांदा घटलं की घरी तपासायला माणूस येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, आई कुठे आहे. आई घरात नसली तर नाव त्याच दिवशी कटतं, अर्जाचीही गरज लागत नाही. काल हेच मी एका नर्सला घरून फोनवर समजावत होते, तेव्हा भिंगरी कठड्यावर होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आत्या, वजन कसं वाढतं?" मी म्हटलं, "जेवल्यानं." ती बरं म्हणाली आणि अर्धी पोळी खाल्ली. मग मोरीत जाऊन ओकली.

तुझी,
वन्सं


१७ सप्टेंबर

वहिनी,

वाढलं! पाऊण किलोच्या वर वाढलं! काल सकाळी शाळेत वजन झालं आणि दुपारी माझ्या टेबलावरच्या पडद्यावर आकडा आला. मी पोपटाला चहा पाजला. त्याला कारण कळलं नाही, पण चहाला तो नाही म्हणत नाही.

रोज एक अंडं, दुधात साखर, आणि मी जवळ बसून गोष्ट सांगते. आईचा जीव भांड्यात पडला आहे. माझं बोलणं तुला फुशारकीचं वाटेल, पण एवढे दिवस मी जी पुस्तिका दुसऱ्यांच्या आयांना वाचून दाखवते, ती घरात वापरून बघितली तर काम करते. आता या महिन्यात घरी माणूस येणार नाही. तुझं नाव शाबूत आहे. तू खोलीचं बघ.

एक गंमत झाली. मागच्या वर्षी काही केंद्रांवर वजन न करताच आकडे भरत होते, म्हणून मी यंत्रणेत एक चाळणी बसवली. आदल्या महिन्यापेक्षा अचानक फार फरक दिसला की ते नाव वेगळ्या रंगात वर येतं आणि आपण नर्सला फोन करून पुन्हा वजन करायला सांगायचं. काल त्या यादीत आपलीच भिंगरी वर आली. माझीच चाळणी, माझीच भाची. मी हसले. नर्सला कशाला त्रास द्यायचा, मला तर घरातलं माहीत आहे, असा विचार करून "योग्य" वर बोट ठेवलं आणि पुढे गेले.

तिचे गाल भरले आहेत असं लिहिणार होते. तसं अजून दिसत नाही. पण आकडा खोटं बोलत नाही.

कात्रीचा पत्ता नाही. तुझी टेपही सापडत नाही, ती पिवळी, कापडी. दुसरी कात्री घेऊन पाठवू का? उजवीची असेल, पण तात्पुरती.

तुझी,
वन्सं


९ ऑक्टोबर

वहिनी,

आधी हे वाच, भिंगरी बरी आहे. या क्षणी माझ्या पलंगावर झोपली आहे. आता खाली बस आणि पुढचं वाच.

आज वजनाचा दिवस होता. अकराच्या सुमाराला मदतीच्या फोनवर एक नर्स आली. शब्द न शब्द लिहिते, कारण तो माझ्या कानातून जात नाही.

"ताई, वजनाची नोंद दुरुस्त करायची आहे."

"आजची का?"

"आजची. आणि बहुतेक मागच्या महिन्याचीपण."

"कारण?"

"मुलीच्या कमरेला लोखंड निघालं."

मी म्हणाले, "असं कारण यादीत नाही, 'इतर' निवडा." अगदी असंच म्हणाले, वहिनी. आणि शेजारच्या पोपटाकडे बघून हसलेसुद्धा. मग नर्सला मुलीचा क्रमांक विचारला, तिनं सांगितला, मी टाकला. पडद्यावर फोटो आला, नाव नोंदवताना काढलेला. तुझ्या मांडीवर ती, आणि तुझा डावा हात तिच्या पोटावर.

पलीकडून नर्स बोलतच होती. "काट्यावर उभी राहिली आणि भोवळ येऊन पडली हो. आत नेऊन गणवेश सैल केला तर कमरेभोवती टेप गुंडाळलेली आणि त्याला ही एवढी मोठी कात्री. पोटात पाणी गच्च भरलेलं, सकाळपासून नळाला तोंड लावून पीत होती म्हणे. कुणाला बोलवायचं विचारलं तर आत्या म्हणते. आत्याचा नंबर म्हणून हाच नंबर सांगते."

मी रिक्षा करून शाळेत गेले. काखेत कळसा म्हणतात, पण आमचा कळसा पोरीच्या कमरेला होता. ती खाटेवर पडली होती आणि कात्री दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, नर्सला देत नव्हती. मशिन फेकलं त्या दिवशीच तिनं ती उचलून लपवली होती म्हणे. टोक लागू नये म्हणून तिनं त्यावर तुझं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान बसवलं होतं. कमरेवर लाल वळ उठला आहे, एका बाजूला साल गेली आहे. म्हणजे नुसती वजनापुरती बांधत नव्हती. सवय व्हावी, चालताना कुणाला कळू नये म्हणून आठवडाभर आधीपासून बांधून फिरायची. मी रोज तिचे केस विंचरते. मला कळलं नाही.

मी विचारलं, "कुणी सांगितलं गं तुला असं करायला?"

"कुणी नाही. तू फोनवर म्हणालीस ना, तीनदा वजन कमी झालं तर आईचं नाव काढतात."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू नियमाचं सांगतेस."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "आत्या, नाव काढलं की ती माझी आई नसणार का?" मला रडू आवरलं नाही. ती मला समजावायला लागली की आता पुढच्या वेळी मी आधी जेवेन, मग नाही पडणार.

बिनकात्रीचं खरं वजन किती भरलं ते विचारू नकोस. भेटल्यावर सांगेन. गेल्या महिन्याच्या माझ्या त्या "योग्य"कडे मी मघापासून मनातल्या मनात बघत बसले आहे. फोन करून पुन्हा वजन करायला सांगितलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी फोन केला असता.

कात्री सापडली एवढंच तुला सांगता आलं असतं, आणि बाकीचं लपवता आलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा मला आता कंटाळा आला आहे.

वन्सं


१४ ऑक्टोबर

वहिनी,

तुझी तार आल्यासारखी चिठ्ठी आली. "मी येते." येऊ नकोस. आत्ता नको. दारात पुन्हा तेच व्हायला नको, आणि ते भिंगरीनं पुन्हा बघायला नको. मी काय म्हणते ते ऐक.

दादाला त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. कात्री टेबलावर ठेवली आणि भिंगरीचा झगा जरा वर करून त्याला तिची कंबर दाखवली. मग त्यानं कात्री उचलली, उजव्या हातात घातली, उघडून बघितली. ती त्याच्या हातात नीट उघडेना. "अशी नाही धरत, बाबा," भिंगरी म्हणाली आणि त्याच्या हातातून काढून डाव्या हातात धरून दाखवली. तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा मी म्हटलं, "मी हिला वहिनीकडे नेणार." वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. तर म्हणाला, "मी कशावरही सही करणार नाही. अडवणारही नाही." अर्ज मात्र मागे घेतला नाही. त्याला मी तुझ्याइतकी ओळखत नाही, पण तो लाजला होता असं मला वाटतं. क्षमा कर असं तुला सांगणार नाही. ते तुझं तू बघ.

नवल आईचं. तुझ्याशी कधी दोन शब्द गोड न बोललेली ती बाई, भांडी घासता घासता म्हणाली, "ने गं तिला. माझ्या हातचं तिच्या घशाखाली उतरत नाही. सासू म्हणून सोड, आजी म्हणूनही कमीच पडले."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांसमोर उभी राहिले. हे आमचे तक्तेसाहेब, यांना माणूस चौकटीत बसला की झोप लागते. सांगितलं की हा अर्ज माझ्या घरचा आहे, मी तो अडवून ठेवला, आणि चाळणीतलं नाव मी न तपासता पुसलं. खरं वजन आता टाकलं आहे. हे टेबल दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "घरभेटीला माणूस जाईल."

"जाऊ दे. मूल तिथं नसेल. आईकडे असेल."

"वर्षाच्या मध्ये? हजेरी तुटेल. लाभ बंद होईल तुमच्या भाचीचा."

"माहीत आहे, साहेब. ते पान पुस्तिकेत मीच लिहिलं आहे."

मी म्हटलं, मूल आईकडे गेलं तर त्याला शाळा सोडली म्हणू नये, असा एक नियम घाला. निदान कारणांच्या यादीत आणखी एक कारण घाला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. माझ्यावर चौकशी बसेल, ती बसू दे. आता मदतीच्या फोनवर पोपट आहे आणि मी मागच्या खोलीत जुने खोके आवरते.

आमचा हा सगळा कारभार मुलांनी शाळेत जावं, नीट जेवावं यासाठी आहे. कितीतरी घरांत त्यानं ते होतंही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या घरात त्याच नियमानं पोर आईपासून तुटली, आणि तो नियम तुझ्यापर्यंत पोचवणारी मी होते. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, "जाऊ दे नाव, घेऊन जा तिला." मला ते सुचलंच नाही. मला नियमच आठवला.

तुझी मैत्रीण खोलीत तुम्हा दोघींना घेईल का? तुमच्या जवळच्या शाळेत दुसरीच्या वर्गात जागा आहे का? एवढंच कळव.

वन्सं


२२ ऑक्टोबर

वहिनी,

"घेऊन ये," एवढंच लिहिलंस. खोलीचं, शाळेचं काही नाही. मी ते आहे असं धरून चालले आहे. उद्या सकाळच्या बसनं निघतो, दुपारी पोचू. हे पत्र आमच्या आधी पोचेल की मागून येईल देव जाणे, म्हणून पोस्टात टाकत नाही. माझ्याच पिशवीत ठेवते आणि तुझ्या हातात देते. माझ्याकडून तोंडानं हे बोलणं होणार नाही.

शाळेतून नाव काढून दाखला आणला आहे. बाई म्हणाल्या, "हजेरी चांगली होती हो हिची, एक दिवस चुकला नाही." आई मघापासून पिशवी भरते आहे आणि पुन्हा उपसते आहे. तुझे कपाटातले पैसेही तिनं स्वेटरमध्ये गुंडाळून दिले आहेत, ते तुला सांगू नको म्हणाली. दादा सकाळी दाराशी येईल की नाही, माहीत नाही. भिंगरीचे बूट मात्र त्यानं घासून ठेवले आहेत.

आज तिनं एक पोळी खाल्ली. सगळी.

कात्री पिशवीत घालू म्हटलं तर ऐकायला तयार नाही. बसमध्ये पिशव्या चोरीला जातात, असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं म्हणे. शेवटी तुझ्या जुन्या ओढणीत गुंडाळली, टोकाला अंगुस्तान बसवलं, वळाला लागू नये म्हणून स्वेटरवरून बांधू दिली. टेप तिनं स्वतः गुंडाळली आणि स्वतः गाठ मारली. आत्ता ती झोपल्यावर गाठ जरा सैल करावी म्हणून मी बसले, पण ती तुझ्यासारखी उलट्या हाताची गाठ आहे, माझ्यानं सुटत नाही. उतरल्यावर तूच सोड.